टक्केवारीच्या तक्त्यातले म्हसावद

नववीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पुस्तकात (२०१७ साली आलेल्या) आनुवंशिकतेच्या प्रकरणात सिकलसेल ॲनेमिया येतो. बारावीच्या जीवशास्त्रात तो पुन्हा भेटतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब काड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. आपण फळ्यावर चौकोन काढतो, एएस आणि एएस मांडतो, चार घरे भरतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. सांगली-साताऱ्याच्या वर्गात ही एक चमत्कारिक, दूरची गोष्ट म्हणून ऐकली जाते.

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला म्हसावद आहे. इथून वर गेले की धडगाव आणि तोरणमाळचा डोंगराळ मुलूख लागतो. इथल्या वर्गात भिल्ल आणि पावरा समाजांची मुले बसतात, आणि फळ्यावरच्या त्या चार घरांत त्यांतली काही स्वतःच असतात. त्यांच्या रक्तावर निबंध लिहिले गेले आहेत. हे निबंध कशा प्रकारचे आहेत, ते काय सांगतात, काय सांगायचे राहून जाते आणि ते नेमके कोणाच्या हाती पडतात, याचे परीक्षण या लेखात करायचे आहे. पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. संशोधनाच्या एका सबंध प्रकाराचे परीक्षण मराठीत सहसा होत नाही. ज्यांचा या निबंधांशी सर्वांत जवळचा संबंध आहे ते ते वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांना म्हसावद नकाशावर शोधावे लागते.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ सालची. लेहमन आणि कटबुश यांनी ती निलगिरीतल्या आदिवासींत केली. आपल्या राज्याच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९५८. त्या वर्षी शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडच्या लोकांतल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे टिपण छापले. त्यानंतर कामाची रांग लागली. समाज बदलायचा, जिल्हा बदलायचा, बाकी आराखडा तोच. या सगळ्या विखुरलेल्या कामाची महाराष्ट्रापुरती मोट बांधण्याचे श्रेय डॉ. सुदाम काटे यांना जाते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हे काम आयुष्यभर केले. काटे आणि लिंगोजवार यांचा राज्यातल्या सिकलसेलवरचा निबंध २००२ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये आला. २०१५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांचा आढावा-लेख आला. त्यात महाराष्ट्राविषयी जे वाक्य आहे त्याचा आशय असा, की आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आढळते आणि भिल्ल, माडिया, पावरा, परधान, ओतकर यांच्यात ते २० ते ३५ टक्के आहे.

आता हे वाक्य शिक्षकाच्या नजरेने वाचून पाहा. ‘भिल्लांत २० ते ३५ टक्के’ हे वाचून वर्तमानपत्रातला माणूस लिहितो, तीस टक्के भिल्ल आजारी. हा गैरसमज इतका सरसकट आहे की तो खोडून काढायला एक सबंध तास द्यायला हरकत नाही. हे प्रमाण वाहकांचे, म्हणजे ज्यांना एका पालकाकडून बदललेले जनुक मिळाले आणि दुसऱ्याकडून नेहमीचे, अशांचे आहे. ही माणसे आजारी नसतात. आजारी म्हणजे दोन्ही जनुके बदललेला एसएस. त्यांचे प्रमाण किती असेल, हे साध्या गुणाकाराने काढता येते. समाजात शंभरांत वीस वाहक आहेत आणि लग्ने रक्त न बघता होतात असे धरू. मग नवरा वाहक असण्याची शक्यता पाचात एक, बायको वाहक असण्याची पाचात एक, दोघेही असण्याची पंचविसात एक. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे साधारण शंभर जन्मांमागे एक आजारी बालक. वाहक ३५ टक्के धरले तर हाच आकडा शंभरात तीनपर्यंत जातो.

‘प्रत्येक मुलाला’ हे शब्द मुद्दाम वापरले. फळ्यावरच्या चार घरांचा अर्थ चार मुलांत एक आजारी असा पालक घेतात, आणि एक मूल आजारी निघाले की आता पुढची तीन सुटली असे समजतात. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते, मागच्या वेळी काय पडले ते त्याला आठवत नसते. प्रमाण सांगणाऱ्या निबंधात या गोष्टीला जागा नसते, कारण वाचणाऱ्या तज्ज्ञाला ती सांगण्याची गरज नसते. इथपर्यंत दोष निबंधाचा नाही, तो मराठीत न उतरण्याचा आहे.

पुढचा दोष मात्र निबंधाचाच आहे. शून्य ते पस्तीस हा पल्ला एवढा मोठा का? थोडे कारण जीवशास्त्राचे आहे. हे जनुक मलेरियाच्या प्रदेशात टिकले, आणि कोणत्या समाजात ते किती पसरले हा त्या समाजाच्या इतिहासाचा भाग आहे. पण बरेचसे कारण नमुने कुठून घेतले यात आहे. गावोगाव, घरोघर फिरून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडणे कष्टाचे आणि खर्चाचे. त्यापेक्षा आश्रमशाळेत जाणे सोपे. तीन-चारशे मुले एका ओळीत मिळतात, दुपारपर्यंत काम होते. दवाखान्यात आलेल्या रोग्यांचे रक्त घेणे त्याहून सोपे. दवाखान्यात आजारी जास्त सापडणार आणि शाळेत कमी, हे उघड आहे. तरीही दोन्ही आकडे एकाच तक्त्यात ‘समाजातील प्रमाण’ या रकान्याखाली शेजारी शेजारी बसतात.

शाळेतल्या नमुन्याचा प्रश्न तर फारच गंभीर आहे आणि तो शिक्षकाइतका चांगला दुसऱ्या कोणाला समजणार नाही. एक कल्पित आश्रमशाळा घेऊ, ४०० मुलांची, वाहक २० टक्के. वरच्या हिशोबाने ८० वाहक आणि ४ आजारी मुले अपेक्षित. तपासणीत ८० वाहक मिळाले आणि आजारी एकच मिळाले. निबंधात काय लिहिले जाईल? वाहकांचे प्रमाण जास्त असूनही आजाराचे प्रमाण कमी आढळले. आकडा खरा, निष्कर्ष फसवा. उरलेली तीन मुले कुठे आहेत? कदाचित पहिली-दुसरीतच वारंवार ताप आणि अंगदुखी म्हणून नाव कमी झाले असेल. कदाचित तपासणीच्या दिवशी मूल घरी असेल. आणि कदाचित ते शाळेत यायच्या वयाचे कधी झालेच नसेल. आजारी बालकात पाणथरी लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जीवघेणा ठरू शकतो. आफ्रिकेत उपचारांची सोय नसलेल्या भागांत अशी निम्म्याहून अधिक बालके पाच वर्षांच्या आत दगावत असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. जो जगला तोच मोजला गेला, ही चूक सांख्यिकीच्या पहिल्या धड्यातली आहे. हजेरीपटावर ज्यांचे नाव नाही त्यांची गैरहजेरी लागत नाही.

या चुकीला एका खऱ्याखुऱ्या शोधाचा आधार मिळाला, हे आणखी वाईट झाले. १९८६ साली कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आशियातले सिकलसेलचे जनुक आफ्रिकेहून वेगळे, इथे स्वतंत्रपणे उपजलेले आहे. या प्रकाराला अरब-भारतीय म्हणतात. यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते आणि ते काड्या जमण्याच्या आड येते. त्यामुळे सरासरीने आजार काहीसा सौम्य असतो. हा शोध मोलाचा आहे. पण सरासरीने सौम्य याचे ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असे एक बोधवाक्य झाले आणि ते निबंधांच्या प्रस्तावनेतून प्रस्तावनेत उतरत गेले. ज्यांना तो सौम्य नव्हता ते शाळेच्या नमुन्यात आलेच नव्हते. याचे खरे उत्तर एकच होते: जन्मल्याबरोबर बाळांचे रक्त तपासायचे आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या मागे जायचे. नागपूरला आणि दक्षिण गुजरातेत हे काम झाले. नागपूरच्या बाळांवरचा निबंध २०१६ साली ‘प्लॉस वन’ या कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या नियतकालिकात आला. तीव्र दुखण्याने, रक्त कमी होऊन, संसर्गाने दवाखान्यात दाखल होणारी मुले आपल्याकडेही कमी नाहीत, हे तिथे दिसते. माझ्या मते या विषयावरचे असे एक काम प्रमाण मोजणाऱ्या वीस निबंधांच्या तोलाचे आहे. ते करायला मात्र वर्षे लागतात, आणि वीस निबंध तेवढ्यात लिहून होतात.

इथे आमच्या धंद्यातली गोम सांगितली पाहिजे. संशोधकाचे मोजमाप निबंधांच्या संख्येने होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांसाठी गुणांकाची पद्धत आणली तेव्हापासून तर एकेका निबंधाला गुण मिळू लागले आणि काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना चाळणी लावण्यासाठी आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, आणि २०२५ साली ती यादीही बंद केली. चांगल्या नियतकालिकांना वेगळी फूटपट्टी आहे, इम्पॅक्ट फॅक्टर. त्या नियतकालिकातल्या निबंधांचा इतर निबंधांत सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो आकडा. ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांची. ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला तिचा उपयोग होता. पुढे तिच्यावर माणसांच्या नोकऱ्या ठरू लागल्या. ‘इम्पॅक्ट’ म्हणजे आघात, ठसा. एका निबंधाचा ठसा दुसऱ्या निबंधावर किती उमटला, एवढेच ती फूटपट्टी सांगते. म्हसावदच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने निबंध वाचून तापाच्या पोराला थांबवून घेतले, तर त्या फूटपट्टीवर काटा हलत नाही.

वाचायला मिळण्याचा प्रश्नही आहेच. जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत हजारो परदेशी नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. महाविद्यालयांसाठी ही मोठी सोय आहे. जिल्हा परिषदेची शाळा किंवा आश्रमशाळा मात्र त्यात बसत नाही. मधुमेहावरचा एखादा निबंध शिक्षकाला वाचता आला नाही तर फारसे बिघडत नाही. पण ज्याच्यासाठी रक्त त्याच्याच वर्गातून गेले तो निबंध वाचायला त्याला चाळीस-पन्नास डॉलर मोजावे लागावेत, हा प्रकार विचित्र आहे.

म्हसावद परिसरातल्या काही शिक्षकांशी बोलताना एकाने विचारले होते, की मुलांचे रक्त नेल्यावर त्याचे उत्तर कोणाकडे येते. मुलाकडे, पालकाकडे, मुख्याध्यापकांकडे, की कोणाकडेच नाही? संशोधनाच्या नीतिनियमांत याला उत्तर आहे. संमतीपत्रावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात नमुन्याला क्रमांक पडतो, क्रमांकाचा टक्का होतो, टक्क्याचा तक्ता होतो, आणि तक्त्याकडून परत नावाकडे यायची वाट बहुतेकदा मोडलेली असते. या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच अशी आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन छापले. ज्याच्या रक्तात त्या दिसल्या तो ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता, वॉल्टर क्लेमेंट नोएल. निबंधात त्याचे नाव नाही. तो शिकून आपल्या बेटावर परत गेला, तिथे दवाखाना चालवला आणि १९१६ साली वारला. निबंध जगप्रसिद्ध झाला, आणि नोएलचे नाव सर्वांना कळायला पुढची सत्तरएक वर्षे गेली.

निबंध आणि माणूस यांच्यातली वाट बांधता येतच नाही असे नाही. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. विषय वेगळा, नवजात बालकांच्या मृत्यूंचा. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या स्त्रियांकडून घरच्या घरी बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी उतरला. डिसेंबर १९९९मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथेच थांबले असते तर तो इतर निबंधांत उल्लेखला जात राहिला असता. पण २००१ साली राज्यातल्या इतर संस्थांच्या बरोबरीने केलेल्या बालमृत्यूंच्या मोजणीचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने मराठीत आला. सरकारी नोंदींपेक्षा मृत्यू कितीतरी जास्त आहेत, हे त्याने लोकांच्या भाषेत सांगितले. वर्तमानपत्रांनी तो उचलला, विधिमंडळाला त्याची दखल घ्यावी लागली. घरपोच नवजात सेवा ही देशपातळीवर ‘आशा’ कार्यकर्तीच्या कामाचा भाग झाली ती २०११ साली. म्हणजे एवढा जोर लावूनही निबंधापासून बारा वर्षे. मी अनेकदा विचार करतो, की यात ‘लॅन्सेट’चा वाटा किती आणि ‘कोवळी पानगळ’ या दोन शब्दांचा किती. दोन्ही लागले. पहिल्यावाचून दुसऱ्याला कोणी खरे मानले नसते, आणि दुसऱ्यावाचून पहिल्याचा मुंबईत कोणाला पत्ता लागला नसता.

सिकलसेलच्या बाबतीत अशी दुसरी लिखावट झाली नाही. डॉ. काटे यांनी नुसते निबंध लिहिले नाहीत, हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या आधाराने ते रोग्यांच्या उपचारांतही उतरले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण २००२च्या निबंधाची मराठी, अहिराणी किंवा पावरी बहीण जन्माला आली नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाले. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. निलगिरीतल्या पहिल्या निबंधापासून एकाहत्तर वर्षांनी. अमेरिकेत १९८६ साली एका चाचणीत दिसले की आजारी बालकांना रोज पेनिसिलिन दिले तर गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. चाचणी आठ महिने आधीच थांबवून सर्वांना औषध दिले गेले, आणि पुढच्याच वर्षी तज्ज्ञांनी सर्व नवजातांची तपासणी करा असे सांगितले. तरी सगळ्या राज्यांत ती सुरू व्हायला २००६ उजाडले. श्रीमंतांकडेही घोडे पेंड खाते, फक्त कमी वेळ.

आता एका बाबतीत सावधपणा हवा. उत्तर परत द्या, एवढे म्हणून भागत नाही. ते कसे दिले जाते यावर बरेच अवलंबून आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावी सिकलसेलचे वाहक खूप होते. संशोधकांनी सर्वांचे रक्त तपासले, ज्याला त्याला निकाल सांगितला, समुपदेशन केले. काही वर्षांनी परत जाऊन पाहिले तर वाहकांवर ठपका बसला होता, लग्न जुळवताना लोक निकाल लपवत होते, आणि वाहकांची आपापसातली लग्ने काही थांबली नव्हती. अमेरिकेत १९७०च्या दशकात ठिकठिकाणी तपासणीचे कायदे झाले आणि निरोगी वाहकांना नोकऱ्या व विमा नाकारला गेला. तिथल्या हवाईदलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१पर्यंत बंद होती. आपल्याकडे तपासणीनंतर कार्ड मिळते. ते कार्ड लग्नाच्या बोलणीत कोणाकडे आधी मागितले जाईल, मुलाकडे की मुलीकडे, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

यात आपल्या भाषेने एक घोटाळा करून ठेवला आहे. ‘वाहक’ हा शब्द मुलांना आधी एसटीत भेटतो, चालकाच्या जोडीने. तिथे तो निरुपद्रवी आहे. दुसऱ्यांदा तो विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो: डास हा मलेरियाचा रोगवाहक. तिसऱ्यांदा सिकलसेलच्या धड्यात. मुलाने डास आणि वर्गातली मैत्रीण यांची सांगड घातली तर चूक कोणाची? सिकलसेलचा वाहक कोणाला काही ‘लावत’ नाही. शिंकेतून नाही, ताटातून नाही, शेजारी बसण्यातून नाही. उलट, १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले की वाहक बालकांना मलेरियाच्या गंभीर हल्ल्यापासून संरक्षण मिळते. सातपुड्याच्या तापाच्या जंगलात ज्यांचे पूर्वज टिकले, त्यांत या जनुकाचा हातभार असणार. हे वर्गात सांगण्यासारखे आहे आणि ते ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर फरक पडतो. ‘दात्रपेशी’ हा पुस्तकी शब्द मात्र खुशाल सोडून द्यावा. गावात सगळे सिकलसेलच म्हणतात, विळा सर्वांना ठाऊक आहे.

तरीही कोणाचा निकाल काय हे वर्गात विचारू नये, हात वर करायला लावू नयेत, फळ्यावर उदाहरणात गावातली आडनावे घालू नयेत. शिक्षकाला जे हवे ते टक्केवारीच्या निबंधांत नाही, ते रोग्यांवरच्या निबंधांत विखुरलेले आहे. उदाहरणार्थ, या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून आजारी मुलाला सारखे पाणी प्यावे लागते आणि सारखे बाहेर जावे लागते. तासाला तीनदा परवानगी मागणारा मुलगा टंगळमंगळ करत असेलच असे नाही, आणि मोठा होऊन अंथरूण ओले करणाऱ्या आश्रमशाळेतल्या मुलाला ओरडण्याआधी त्याचे कार्ड पाहावे. थंडीने दुखण्याचा झटका येऊ शकतो. तोरणमाळच्या बाजूच्या वसतिगृहांत डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याच्या आंघोळीचा नियम असेल, तर तो या मुलांपुरता तरी मोडला पाहिजे. पळण्याची शिक्षा देऊ नये. ताप आला तर उद्या बघू म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना. दिवाळीनंतर इथली बरीच कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. सोबत गेलेले मूल उन्हात, कमी पाण्यावर महिने काढते. त्याच्याजवळ कार्ड आणि गोळ्या आहेत का, हे जाण्याआधी विचारणारा शिक्षकच असू शकतो. हे सारे दोन पानांत मावते. ही दोन पाने कोणत्याही नियतकालिकाने छापली नाहीत, कारण त्यात नवे काही नाही. नियतकालिकाच्या दृष्टीने नाही.

शेवटी औषधाविषयी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दुखण्याचे झटके कमी करते, हे १९९५ साली अमेरिकेतल्या २९९ प्रौढांवरच्या चाचणीने सिद्ध केले. वर्षाला साधारण साडेचारचे अडीच झाले. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे निसर्गाने अरब-भारतीय प्रकारात जे थोडेफार केले आहे तेच पुढे नेते. तिथे मात्रा हळूहळू वाढवत नेतात आणि दर काही आठवड्यांनी रक्तपेशी मोजतात. धडगावच्या पाड्यावर हे जमणे कठीण. म्हणून २०१२ साली ‘हिमोग्लोबिन’ या नियतकालिकात आलेली नागपूरची चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरलेली मात्रा आजारी मुलांना दिली, आणि तेवढ्यानेही चांगला गुण आला. परदेशी निष्कर्ष जसाच्या तसा उचलला नाही, आपल्या दवाखान्याला झेपेल असा प्रश्न विचारला. या मात्रेने वीस किलोच्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम लागते. बाजारात सहज मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते. ती कशी विभागायची, एक दिवसाआड द्यायची की आणखी काही, हे डॉक्टर आपापल्या परीने ठरवतात. त्यावर निबंध लिहायला हवा, आणि त्यासाठी लागणारी मुले, त्यांची वजने आणि हजेरी म्हसावदच्या शाळांच्या दप्तरात आजही आहे.